गच्चीवरची बादली

३ मार्च
रोपवाटिका

आत्ये,

पाणी घातलंसच ना शेवटी? चार पत्रांत चार वेळा लिहिलं, शेवटच्यात तर मोठ्या अक्षरांत लिहिलं, की गोळ्याला, त्या गोल निवडुंगाला, पाणी घालू नकोस. आणि तू काय कळवतेस? "रोज सकाळी भांडंभर घालते, बिचारा कोरडा दिसत होता, आता चांगला मऊ झालाय." मऊ? आत्ये, तो सडलाय! वाचता वाचता माझ्या हातातली कुंडी खाली पडली आणि फुटली. मुकादम ती पगारातून कापणार. म्हणजे तू तिकडे एक मारलास आणि इथे माझी कुंडी फोडलीस, टपालाच्या नऊ दिवसांच्या अंतरावरून.

तीन वर्षं वाढवला होता मी तो. बंगल्यावर राखणदार होतो तेव्हा मालक घर सोडून गेले आणि सगळ्या कुंड्या उकिरड्यावर टाकून गेले, तिथून उचलून आणलेला. तेव्हा लिंबाएवढा होता. जाताना नारळाएवढा करून तुझ्या हातात दिला, आणि तू त्याला बुडवलंस. तहानेने कोणी मेलं तर मी समजू शकतो. हा तर पाण्याशिवाय वर्ष काढणारा प्राणी!

आता नीट ऐक. मऊ झालाय तो गेला, फेकून दे. बाकीच्यांना पाणी घालायच्या आधी कुंडीत काडी खुपस, पार तळापर्यंत. काडीला माती चिकटून आली तर मागे फिर. काडी कोरडी आली तरी दोन दिवस थांब आणि मग घाल. मातीत निम्मी जाडी रेती मिसळ, खाली विटेचे तुकडे टाक, कुंडीचं भोक बुजलेलं नाही ना बघ. आणि ती गच्चीवरची बादली आधी खाली आण. बादली दिसली की तुझा हात शिवशिवतो, मला माहीत आहे. गुडघे दुखतात म्हणतेस आणि बावीस पायऱ्या भरलेली बादली चढवतेस. कोणासाठी? ज्यांना पाणी नको त्यांच्यासाठी.

तो खालचा गोळ्यावाला कंपाउंडर अजून गच्चीवर हवा खायला येतो का? त्याला माझ्या झाडांना हात लावू देऊ नकोस. भाडं देतो म्हणून काय गच्ची पण त्याची?

दुसरं म्हणजे कोपऱ्यातला खांब, तो उंच निवडुंग. तू लिहिलंस की तो वाकलाय, पडेल. आता तो कापावा लागेल. मी इथे रोज वीस-पंचवीस कापतो, काही अवघड नाही. सुरी उकळत्या पाण्यातून काढ. आडवा काप घे, एका झटक्यात. तीन तुकडे कर. काप सरळ आला पाहिजे आत्ये, तुझ्या कापडासारखा, वाकडा आला तर मुळं धरत नाहीत. मग दहा दिवस सावलीत सुकू दे आणि रेतीत उभे कर. बस. दया-माया करू नकोस, झाड रडत नाही.

इथे ऑफिसात एक फोन आहे, मालक त्याला कुलूप घालतो. आणि तुझ्याकडे तर तोही नाही. नाहीतर आज तुझ्या कानाचे पडदे फाडले असते.

हे माझं बारावं काम, आणि सहा महिने झाले, अजून टिकलोय. हसू नकोस.

तुझा भिंगरी

१३ मार्च
घर

भिंगरी,

काय ती भाषा! मला वाटलं घरात कोणी माणूस गेलं. एक काटेरी चेंडू गेला तर एवढा आकांत? तुला दहा महिन्यांचा असल्यापासून पाणी पाजतेय मी, तू नाही सडलास कधी!

तरी मला वाईट वाटलं, हे लिहून ठेवते. सकाळी हात लावला तर बोट आत गेलं. किंचाळलेच मी. आतून काळा, आणि असा वास की कंपाउंडर खालून धावत वर आला. त्याला वाटलं उंदीर मेला. बिचाऱ्याने नाक दाबून तो उचलून टाकला. तू त्याच्यावर उगाच खार खातोस. भाडं एक तारखेला देतो आणि शिलाई मशीनला तेल घालून देतो, तू कधी घातलंस?

बादली खाली आणली. झालं समाधान? काडी खुपसते. कालच खुपसली, कोरडी आली, तरी थांबलेय. मला किती त्रास होतो थांबायला ते मलाच ठाऊक. आयुष्यभर जे सुकलं त्याला पाणी दाखवायचं, एवढंच कळत आलं मला. तुझी ही झाडं म्हणजे पाहुण्याला दारात उभं करून विचारायचं, "खरंच तहान लागलीय का?"

खांब येत्या रविवारी, सोळा तारखेला कापते. सुरी कंपाउंडरकडून आणली, पाव कापायची, लांब आहे. काप सरळ येतो का ते तू मला शिकवतोस होय रे? चाळीस वर्षं कापड बेतते आहे. गिऱ्हाइकाच्या अंगावर कधी टोक खाली-वर गेलं नाही.

सहा महिने टिकलास हे वाचून दोनदा तारीख बघितली. छापखान्यात अकरा दिवस, सायकलच्या दुकानात महिना, आणि आता सहा महिने! पॅन्टच्या चोरखिशात मी शिवलेले सातशे चाळीस जागेवर आहेत ना? परतीचं भाडं आहे ते. प्रत्येक कामावर तू आधी पळायचे पैसे बाजूला काढतोस, म्हणून या वेळी मीच काढून दिले. उसवू नकोस उगाच.

आत्या

१५ मार्च
रोपवाटिका

आत्ये, खांब कापू नकोस.

हे पहिलं वाच, बाकीचं नंतर. कापू नकोस. हात लावू नकोस. वाकलाय तर वाकू दे, पडला तर पडू दे.

काल मला दुसऱ्या मांडवात टाकलं. इथे दोन मांडव आहेत. सहा महिने मी पहिल्यात होतो, तिथे खरे निवडुंग, कापले की आतून पाणी येतं, काकडीसारखं. दुसऱ्या मांडवाच्या दारातच मुकादमाने हातमोजे दिले आणि मोठा काचेचा चष्मा दिला. मी म्हटलं, "मुकादम, झाडं कापायचीत की लोखंड जोडायचंय?" सगळे हसले. तो नाही हसला. त्याने एक उभं झाड पुढे ओढलं, डिट्टो निवडुंग, आणि टाचणी टोचली. आत्ये, पांढरा चीक! दुधासारखा टपटप. म्हणाला, "दिसतात भाऊ-भाऊ, पण हा वेगळ्या घराण्यातला. हा डोळ्यात गेला तर माणूस भिंत धरून चालतो. मागच्या वर्षी एकाने घाम पुसला, त्याला आठ दिवस डोळे बांधून बसवला होता."

मी विचारलं, ओळखायचं कसं? तर म्हणाला, खऱ्या निवडुंगाचा काटा कापसाच्या बारीक गादीतून निघतो, आणि याला गादी नसते, काटे जोडीजोडीने असतात.

जोडीजोडीने.

माझ्या अंगात तू शिवलेला निळा शर्ट होता. आठवतं तुला, खांबात अडकून फाटला होता? तू रफू करताना ओरडली होतीस, "एका काट्याची दोन भोकं कशी पाडलीस रे?" मी तिथेच खाली बघितलं. दोन रफू, शेजारी शेजारी, बोटभर अंतरावर.  मुकादम म्हणाला, काय झालं रे? मी विचारलं, शहराची गाडी कधी जाते?

मी तुला हातमोजे सांगितले नाहीत. चष्मा सांगितला नाही. मला माहीतच नव्हतं आत्ये, मी सगळ्यांना निवडुंगच समजत होतो. दया-माया करू नकोस असं वरून लिहिलं मी तुला. हे पत्र आत्ता गाडीवाल्याच्या हातात देतोय, तो शहरात टाकेल म्हणजे एक दिवस वाचेल.

नाही ना कापलास?

भिंगरी

२३ मार्च

आत्ये,

तुझं तेरा तारखेचं गाडीवाल्याने आज शहरातून आणून दिलं. रविवारी, सोळाला कापते म्हणतेस. आज तेवीस. माझं "कापू नकोस" अजून तुझ्या दारात पोचलंही नसेल. दोन्ही पत्रं वाटेत कुठेतरी एकमेकांच्या शेजारून गेली असतील आणि त्यांना काही कळलं नाही.

म्हणजे जे व्हायचं ते आठवड्यापूर्वी झालंय आणि मी इथे त्या दिवशी काय करत होतो माहीत आहे? रविवार म्हणून कपडे धुवून गाणी म्हणत होतो.

मालक गावाला गेलाय, फोनला कुलूप. मी ते कुलूप दगडाने फोडायला निघालो होतो, मुकादमाने धरलं. म्हणाला, "फोडशील, पण लावणार कोणाला?" खरंच, लावणार कोणाला? कंपाउंडरच्या दवाखान्याचं नावसुद्धा मी तुला कधी विचारलं नाही. त्याला गोळ्यावाला म्हणण्यातच सगळा वेळ गेला.

एक ओळ लिही. एकच. डोळे बरे आहेत म्हणून.

भिंगरी

२० मार्च
घर

चि. भिंगरी,

अक्षर बघून दचकू नकोस, मी सांगतेय आणि खालचे कंपाउंडर लिहून घेताहेत. शिवणाचं काम अंगावर आलंय, हात मोकळा नाही. मी मजेत आहे. खांब कापला, तीन तुकडे झाले, सावलीत ठेवलेत. काप अगदी सरळ आला. एवढं मात्र खरं की झाड रडत नाही असं तू लिहिलंस ते मला पटलं नाही. बाकी सगळं ठीक. जेवत जा. पळून येऊ नकोस. काय लिहिलंत ते वाचून दाखवा. नाही, हे लिहू नका.

आत्या

इथपर्यंत तुमच्या आत्याबाईंनी सांगितलं, सांगितलं तसं उतरवून घेतलं. आता त्या आत पडल्या आहेत. पुढचं माझं. त्यांनी मला शपथ घातली आहे, पण मी औषधांच्या दुकानात वाढलेला माणूस आहे, बाटलीत एक आणि चिठ्ठीवर दुसरं असं मला चालत नाही.

रविवारी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला मी दाढी करत होतो. वरून आवाज आला. बाई ओरडतात तसा नव्हता. त्या दिवसातून दहा वेळा ओरडतात, तो आवाज मला पाठ आहे. मी अर्ध्या दाढीने वर धावलो. बाई गच्चीवर खाली बसलेल्या, दोन्ही हातांनी उजवा डोळा चोळत होत्या, आणि हात कोपरापर्यंत पांढरे. सगळीकडे पांढरे थेंब. मला क्षणभर वाटलं, दूध सांडलं.

नंतर त्यांनी सांगितलं ते असं. पहिला काप झाला. तो सरळ आला का हे पाहायला त्यांनी वरचा तुकडा उचलून, डावा डोळा मिटून, उजव्या डोळ्यासमोर धरला. कापडाची कड बघतात तसा. चिकाचा थेंब थेट बुबुळावर. वर त्याच हातांनी चोळलं. उरलेले काप दुसऱ्या दिवशी मी हातमोजे घालून घेतले, त्यांचाच हट्ट.

त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. माझ्याकडे खाली पिण्याचा अर्धा तांब्या होता. पण गच्चीच्या दाराआड, पोत्याखाली झाकून, पाण्याची भरलेली बादली होती. ती तुमच्या झाडांसाठी होती. तुम्हाला खाली आणल्याचं कळवलं होतं, खरी तिथेच होती, आणि "भिंगरीला सांगितलंत तर खोली खाली करा" असं मला बजावून ठेवलं होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पापणी दोन बोटांनी उघडी धरली आणि भांड्याभांड्याने सगळी बादली त्या डोळ्यावर ओतली. वीस मिनिटं लागली. त्या मला नाही नाही ते बोलल्या. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

बुबुळावर जखम आहे. डावा डोळा उत्तम. उजव्यावर पट्टी, दिवसातून सहा वेळा थेंब, ते मी घालतो. डॉक्टर म्हणाले, लगेच धुतला नसता तर मी काहीच सांगू शकलो नसतो. नजर किती परत येईल ते पट्टी निघाल्यावर. त्या सारखं एकच विचारतात, सुई ओवता येईल का. मी "येईल" म्हणतो. मला ठाऊक नाही.

तुम्ही चिकाबद्दल काही लिहिलं नव्हतंत. मीही सुरी देताना विचारलं नाही. दोघांनी आपापलं बघावं.

आपला,
खालचा कंपाउंडर

२९ मार्च
रोपवाटिका

आत्ये,

पाकिटावरचं अक्षर तुझं नव्हतं. मी ते न उघडता मुकादमाकडे दिलं, म्हटलं तुम्ही वाचा. त्याने वाचलं आणि टोपी काढून बाजूला ठेवली. तेवढ्यात मी काय काय ऐकून घेतलं माझ्याच डोक्यात, ते तुला सांगत नाही.

मग मी वाचलं. तीनदा. "काप सरळ आला पाहिजे, तुझ्या कापडासारखा." हे माझं वाक्य आहे. तू एरवी कशाला बघितलं असतंस तो तुकडा डोळ्याशी धरून? मी सांगितलं म्हणून. चौथी नापास माणूस मी, आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही शिकवायला गेलो, आणि ते हे.

आणि ती बादली. आत्ये, त्या बादलीवरून मी तुला काय काय बोललो. तू माझं ऐकलं असतंस तर? मला आता सारखं हेच दिसतं: तू खरंच माझं ऐकलंस, बादली खाली नेलीस, आणि नळ कोरडा.

वीस तारखेला पगार आहे. तो घेतो आणि एकवीसला निघतो. इथलं सोडतो. मुकादमाला सांगितलंय. मी येऊन तुझ्या सुया ओवीन, दिवसभर बसून ओवीन. तिन्ही तुकडे फेकून दे. तू नको, कंपाउंडरसाहेबांना सांग, हातमोजे घालून. त्यांना माझा नमस्कार सांग. दोनदा सांग.

भिंगरी

९ एप्रिल
घर

भिंगरी,

बघ, माझं अक्षर. ओळी डोंगर चढताहेत, पण माझ्या आहेत. पट्टी परवा निघाली.

आधी तो फितूर. मी त्याला शपथ घातली होती! पत्र टाकून आला आणि तोंड एवढंसं करून बसला, तेव्हाच ओळखलं मी. दोन तास बोलले नाही त्याच्याशी. मग थेंब घालायची वेळ झाली, काय करते?

डोळा आहे. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, खालच्या दोन ओळी नाही आल्या. दिव्याभोवती कडं दिसतं, आणि उजव्या बाजूला काचेवर वाफ धरल्यासारखं. ते जाईल, सगळं नाही जाणार, तीन महिने थेंब आणि चष्मा, असं म्हणाले. मी घरी येऊन पहिल्यांदा सुई घेतली. सात वेळा चुकली. आठव्यांदा गेली. कंपाउंडर दारात उभा राहून मोजत होता. गाढव रडायला लागला. मी म्हटलं, अहो ओवली मी, रडता काय तुम्ही?

तुझं "कापू नकोस" चोवीसला आलं. त्याने वाचून दाखवलं. दोन रफूंचंही ऐकलं. ती दोन भोकं मी माझ्या हातांनी बुजवली होती. तेव्हा विचारायला हवं होतं, असा कसला हा काटा. नाही विचारलं. तुलाच तेवढं माहीत असायला हवं होतं असं कुठे आहे?

तुकडे फेकायला सांगतोस. नाही फेकले. दहा दिवस सुकले, वर पापुद्रा धरला, कंपाउंडरने हातमोजे घालून रेतीत उभे केले. त्या खांबाचा काय दोष? मला सुरीने आडवं कापलं असतं तर मीपण चावले असते. एकाने मूळ धरलंय बहुतेक, धक्का दिला तर हलत नाही. पाणी घातलं नाही. काडी रोज खुपसते.

आता कामाचं. तू येऊ नकोस. सुया ओवायला माणूस आहे घरात, औषधाच्या गोळ्या मोजून मोजून नजर अशी झालीय की न बघता ओवतो. तू आलास तर काय करशील? चार दिवस माझ्या पायाशी बसशील, पाचव्या दिवशी पायाला भिंगरी लागेल, मग तेरावं काम, चौदावं. माझ्या डोळ्याच्या नावाने पळालास असं मला नकोय. पळायचं तर स्वतःच्या नावाने पळ.

तिथेच थांब. आणि तिथे जो कोणी नवीन येईल त्याला पहिल्या दिवशी टाचणी टोचून दाखव.

आत्या

१९ एप्रिल
रोपवाटिका

आत्ये,

तुझं काल मिळालं. सामान बांधून झालं होतं. वळकटीवर बसूनच वाचलं. डोंगर चढणाऱ्या ओळी बघून इतका हसलो की शेजारचा म्हणाला, घरून लग्नाचं आलं का?

"पळायचं तर स्वतःच्या नावाने पळ." हे वाचून मला राग आला, खरं सांगतो. मग लक्षात आलं, पगाराला दोन दिवस होते आणि माझ्या मनात तुझ्या डोळ्याबरोबर थोडंसं हेही होतं, की चला, सुटलो. तुला हे इतक्या लांबून कसं दिसतं, तेही एका डोळ्याने?

वळकटी सोडली. मुकादमाकडे गेलो आणि म्हटलं, नाही जात. तो म्हणाला, "मग दुसऱ्या मांडवात जा, पाणी घालायचंय." मी म्हटलं, आधी एक काम करू द्या. मांडवाच्या दारात मी एक बादली आणून ठेवली, भरून, वर पोतं. बाजूला भांडं. मुकादम म्हणाला, "हे काय नवीन? या झाडांना एवढं पाणी?" मी म्हटलं, झाडांना नाही, माणसांना. त्याने विचारलं, कोणाची पद्धत आहे? म्हटलं, आमच्या आत्याची.  आज सकाळी बघतो तर पहिल्या मांडवाच्या दारातही एक ठेवलेली, त्याने.

काल दोन नवीन माणसं आली. दोघांना टाचणी टोचून दाखवली. एक हसायला लागला, म्हणाला, "दादा, लोखंड जोडायचंय का?" मी नाही हसलो. त्याला माझा शर्ट दाखवला, दोन रफू, शेजारी शेजारी, आणि सगळं सांगितलं. मग त्याने गप चष्मा लावला.

तू गच्चीवरची बादली तिथेच ठेव. पण बावीस पायऱ्या तू चढवू नकोस, कंपाउंडरसाहेब चढवतील. पाऊस सुरू होईपर्यंत त्या मूळ धरलेल्या तुकड्याला महिन्यातून एकदा भांडंभर घाल. हो, मीच सांगतोय, घाल. बाकीचे दोन हलतात का ते कळव.

चष्म्याचं काय झालं? डॉक्टरांनी सांगितला तोच घे, बाजारातला घेऊ नकोस. त्यासाठी सोबत पैसे आहेत. नोटा चुरगळलेल्या दिसतील, घामाचा वास येईल, आणि कडेला निळा दोरा चिकटलेला असेल. तो तुझाच आहे. टाके इतके बारीक घातले होतेस की उसवायला अर्धा तास लागला, आणि उसवताना वाटलं, आता परत जायचं म्हटलं तरी जाता येणार नाही, आणि नंतर वाटलं, असू दे.

पाठवतो आहे, सातशे चाळीस.

भिंगरी